बोळाच्या तोंडाशी एक दिवस

पुणे महापालिकेने 2021 साली 11 डिसेंबर हा दिवस ‘पादचारी दिन’ म्हणून पाळायचे ठरवले आणि त्यासाठी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा भाग दिवसभर वाहनांना बंद राहील असे जाहीर झाले, तेव्हा ती बातमी मी चहा पिता पिता वाचली आणि वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवले. हा तुकडा रमतगमत चालले तरी दहा मिनिटांत संपतो. एवढासा रस्ता बंद करायला असे काय लागते, दोन टोकांना दोन कठडे आडवे लावले की झाले, अशी माझी समजूत होती. पुढच्या पंधरा दिवसांत ती पार धुऊन निघाली. रस्त्याला दोन टोके असतात हे नकाशापुरते खरे आहे. लक्ष्मी रस्त्याला दोन्ही अंगांनी बोळ फुटलेले आहेत, आणि त्यातल्या प्रत्येक बोळात कोणाचे तरी घर आहे, कोणाचे तरी गोदाम आहे आणि कोणाची तरी दुचाकी आहे.

मी लग्न होऊन नारायण पेठेत आले त्याला तीस वर्षे झाली. आमच्या वाड्याच्या दारावर ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल, नंतर वाद घालू नये’ अशी जी पाटी आहे ती माझ्याच अक्षरातली आहे, आणि पेठेत माझी ओळख बहुतेकांना त्या पाटीमुळेच आहे. शेजारचे काका पादचाऱ्यांसाठी काम करणाऱ्या एका गटात होते. ते एका संध्याकाळी आले आणि म्हणाले, “वहिनी, तुम्ही भांडता चांगल्या. ते कौशल्य एक दिवस आम्हाला उसने द्या.” नाही म्हणायला मला कारण सापडले नाही, आणि अशा रीतीने कुंटे चौकाजवळच्या एका बोळाची जबाबदारी माझ्याकडे आली.

रस्ता वाहनांना बंद ठेवायचा म्हणजे प्रथम कागद लागतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 प्रमाणे वाहतूक शाखा तसा आदेश काढते, त्यात कोणत्या चौकातून कोणत्या वाहनांनी कुठे वळायचे ते लिहिलेले असते, आणि अग्निशमन दल, रुग्णवाहिका व पोलीस यांची वाहने त्यातून वगळलेली असतात. आपली गाडी घेऊन येणाऱ्यांनी ती मंडईच्या वाहनतळावर, हमालवाड्यात किंवा नदीपात्रातल्या रस्त्यावर लावावी आणि पुढे चालत यावे, अशी अपेक्षा होती. हे सारे कागदावर चोख होते. स्वयंसेवकांच्या वाट्याला जे आले ते त्या कागदात न मावलेले होते: दुकानात माल कसा यायचा, वाड्यातल्या आजारी माणसाने दवाखान्यात कसे जायचे, आणि रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शे-दोनशे दुचाकी पहाटेपर्यंत कुठे न्यायच्या.

सर्वांत आधी आम्ही दुकानदारांकडे गेलो. दिवस निवडणाऱ्यांनी पंचांग पाहिले नव्हते, असे पहिल्याच दुकानात ऐकावे लागले, आणि त्यात तथ्य होते. डिसेंबरचा पहिला पंधरवडा म्हणजे ऐन लग्नसराई, त्यातून 11 तारखेला शनिवार. करोनाच्या दोन वर्षांत मुहूर्त निघूनही लग्ने पंचवीस-पन्नास माणसांत उरकली होती, आता कुठे गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढू लागले होते, आणि तेवढ्यात ओमायक्रॉनच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. एका जुन्या साडीच्या दुकानातल्या शेठनी आम्हाला गादीवर बसवले, चहा मागवला आणि मग शांतपणे हिशेब मांडला. “वहिनी, बस्ता बांधायला येणारं गिऱ्हाईक एकटं-दुकटं नसतं. नवरीची आई, मावशी, आत्या, दोन पोरं आणि एक म्हातारी, असं अख्खं कुटुंब येतं. एसटीचा संप चालू आहे, म्हणजे गावाकडून जीप करून येणार. ती जीप तुम्ही मंडईत उभी करायला लावणार. म्हातारी तिथून इथपर्यंत कशी येणार ते मला सांगा.”

मला ते सांगता आले नाही. मी फक्त एवढेच म्हटले की, विसर्जनाला हाच रस्ता एक दिवस आणि एक रात्र बंद असतो, पालख्या येतात तेव्हाही बंद असतो, तेव्हा आपण कोणी हिशेब मागत नाही. यावर ते हसले. “देवासाठी बंद असतो तेव्हा आम्ही दुकानच बंद धरतो. तुम्ही म्हणता रस्ता बंद, पण दुकान चालू ठेवा. मग गल्ल्याचं बोलायला नको का?”

त्यांचा हा युक्तिवाद मी पुढे बरेच दिवस मनात घोळवला. पुण्यात रस्ता मोकळा करण्याची विद्या नाही असे कोणी म्हणू नये. मानाच्या पाच गणपतींची मिरवणूक याच रस्त्याने अलका चौकाकडे जाते तेव्हा लाखो माणसे पायी चालतात, मुले खांद्यावर बसतात, आणि एकाही वाहनाशिवाय पेठांचा व्यवहार चालतो. तेव्हा रस्ता बंद का, असे विचारण्याचे धाडस कोणी करत नाही. चालणाऱ्यासाठी, निव्वळ चालण्यासाठी रस्ता बंद करायचा म्हटले की मात्र प्रत्येकाला कारण सांगावे लागते. पुणे महापालिकेने पादचारी धोरण 2016 मध्ये मंजूर केले, सायकल आराखडा 2017 च्या डिसेंबरात मंजूर झाला, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, तिथे बाके आली, मुलांना खेळायची साधने आली. हे सगळे होऊनही आमच्या पेठेत चालणे म्हणजे दुचाकींच्या आरशांमधून अंग चोरत वाट काढणे हेच राहिले, कारण सम-विषम तारखांच्या पी-1, पी-2 च्या पाट्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला गाडी लावायची ते सांगतात, माणसाने कोणत्या बाजूने चालायचे ते सांगत नाहीत.

दुकानांनंतर घरे. हे काम मला अधिक जमले. एका वहीत मी आमच्या बोळातल्या प्रत्येक घराची एक ओळ लिहिली: माणसे किती, गाड्या किती, त्या दिवशी कोणाला कुठे जायचे आहे. कोणाकडे साखरपुडा होता, कोणाचा मुलगा पहाटेच्या विमानाने येणार होता, एका बाईंचा स्वयंपाकाचा गॅस नेमका शनिवारी यायचा होता. बोळाच्या अगदी आत, जिना चढून वर राहणाऱ्या आजोबांचे डायलिसिस मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीनदा असते, हे तिथे गेल्यावरच समजले. सकाळी सातला रिक्षा येते आणि दुपारी परत आणून सोडते. जाताना अडचण नव्हती, कारण त्या वेळी रस्ता रिकामाच असणार होता; परतीची वेळ मात्र ऐन गर्दीची होती. आजोबांच्या सुनेने मला विचारले, “त्यांना परत येताना चालवत नाही हो, तेवढ्यापुरतं उघडाल ना?” मी हो म्हणाले आणि वहीत त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या. घरोघर गेलो नसतो तर त्या दिवशी काय झाले असते, याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

आदल्या शनिवारी आम्ही माणसे मोजली. एका ठिकाणी उभे राहून दर तासातली पंधरा मिनिटे, समोरून जाणाऱ्या प्रत्येक माणसासाठी कागदावर एक उभी रेघ, चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. बायका, पुरुष, मुले, म्हातारी माणसे आणि सायकलवाले असे पाच रकाने. हे काम दिसायला पोरकट आहे, पण ते करताना मी ज्या रस्त्यावरून तीस वर्षे भाजी आणली त्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. मुलांचा रकाना जवळजवळ कोरा राहिला होता, आणि जी थोडी रेघांची नोंद झाली ती सगळी कडेवरची किंवा मनगट घट्ट धरून ओढत नेलेली मुले होती. पाच-सहा वर्षांचे मूल हात सोडून चालते आहे, असे त्या दिवशी मला एकदाही दिसले नाही.

शुक्रवारी रात्री दहानंतर आम्ही रस्त्यावर उतरलो. दिवसभरात प्रत्येक गाडीच्या हँडलला चिठ्ठी अडकवून झाली होती. चिठ्ठीचा मजकूर ठरवताना काकांनी ‘कृपया सहकार्य करावे’ असे लिहिले होते. त्याने पेठेत कोणी हलत नाही हे मला अनुभवाने माहीत असल्यामुळे मी खाली एक ओळ वाढवली: ‘उद्या आपली गाडी येथे असल्यास ती आपल्याला वेगळ्या ठिकाणी शोधावी लागेल.’ बाराच्या सुमारास बहुतेक गाड्या हलल्या. शेवटी एक जुनी स्कूटर उरली. तिच्या दोन्ही चाकांत हवा नव्हती, सीटच्या फाटलेल्या रेक्झिनमधून स्पंज बाहेर आला होता, आणि तिच्या पायठेवणीवर एक मांजर अंग दुमडून निजले होते. कोणाची आहे ते कोणालाच सांगता येईना. चार मुलांनी ती उचलली तेव्हा मांजर जड पावलांनी खाली उतरले, आणि स्कूटर जिथे होती त्या जागी फरशीचा एक स्वच्छ, कोरडा चौकोन उघडा पडला. तिथे पदपथ होता. तो तिथे आहे हे मी त्या रात्री पाहिले.

शनिवारी सकाळी सहाला मी बोळाच्या तोंडाशी पोहोचले तेव्हा आमच्या वाट्याचे कठडे आले नव्हते. ज्या माणसाकडे ते पोहोचवण्याचे काम होते तो फोन उचलत नव्हता. दोन्ही मोठ्या चौकांत पोलीस आणि त्यांचे कठडे होते, पण मधले बोळ उघडे होते, आणि पाणी जसे फटीतून वाट काढते तशा दुचाकी त्या बोळांतून रस्त्यावर येऊ लागल्या होत्या. मी एक सुतळी आडवी बांधली. पहिल्याच मुलाने ती हाताने वर उचलली, “काकू, दोनच मिनिटं,” म्हणाला आणि खालून निघून गेला.

मदतीला आली ती आमच्या बाजूच्या मंडळाची पोरे. ती मुळात या कार्यक्रमाबद्दल फारशी उत्सुक नव्हती, आदल्या आठवड्यात त्यांनी मला, “चालायला काय दिवस पाळायचा?” असे विचारले होते. परंतु बोळ उघडा पडलेला पाहिल्यावर त्यांच्यातला मिरवणुकीचा कार्यकर्ता जागा झाला. मंडळाच्या खोलीतून त्यांनी मांडवाचे वासे काढले, दोन रिकामे पिंप आणले, वाळूऐवजी त्यात पाणी भरले आणि वासा आडवा टाकून असा पक्का बांधला की त्यावर दोन जण बसू शकतील. एक बाजू दोरीने सैल ठेवली, म्हणजे गरज पडली की दाराप्रमाणे उघडता येईल. वीस मिनिटांत काम झाले. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, आणि ज्यांना शिकवलेले असते अशांपैकी कोणाला ते इतके चांगले जमले नसते.

नऊच्या सुमारास एक छोटा हत्ती बोळाच्या मागच्या अंगाने आला आणि वाशाला टेकून उभा राहिला. त्यात कापडाचे तागे होते आणि ते बोळाच्या पलीकडे, रस्त्यावरच्या दुकानात उतरवायचे होते. चालक चाळिशीचा असावा. त्याने इंजिन बंद केले नाही.

“मावशी, जरा सरकवा.”

“आज सरकणार नाही दादा. आदेश आहे.”

“मला कोण सांगितलं? शेठनी फोन केला, माल आण. मी आणला.”

“माल द्या ना. पण हातगाडीवरून द्या.”

“हातगाडी काय तुम्ही ओढणार?”

या प्रश्नाला ‘हो’ हे एकच उत्तर शिल्लक होते. मंडळाच्या एका मुलाने पलीकडच्या भांडीवाल्याची हातगाडी मागून आणली, तागे त्यावर रचले आणि तीन फेऱ्यांत ते दुकानात पोहोचले. एका फेरीला मीही गाडीला हात लावला. चालक आधी नुसता बघत उभा होता, तिसऱ्या फेरीला तो स्वतः ओढायला आला, आणि परत जाताना म्हणाला, “आधी सांगितलं असतं तर पहाटेच टाकून गेलो असतो.” तो बरोबर होता. आम्ही दुकानदारांना सांगितले होते, रहिवाशांना सांगितले होते, पण ज्याच्या गाडीमुळे दुकान भरते त्याला कोणीच सांगितले नव्हते, कारण त्याचा पत्ता कोणत्याच यादीत नसतो.

शेठनी वर्तवलेले बस्त्याचे कुटुंब अकराच्या आसपास आले. नवरी, तिची आई, चुलत्या, आणि काठी टेकत चालणाऱ्या आजी. जीप लांब उभी करून ते निम्म्या वाटेपर्यंत आले होते, आणि आजी एका दुकानाच्या पायरीवर बसून घेत म्हणत होत्या, “मला न्हाई बाई आता चालवत, तुमी जावा.” मला ओशाळल्यासारखे झाले. एका दुकानातून खुर्ची आणली, आजी दहा मिनिटे बसल्या, पाणी प्यायल्या, मग उठून थोडे चालल्या, पुन्हा खुर्ची पुढे नेली, पुन्हा बसल्या. अशा तीन टप्प्यांत त्या दुकानात पोहोचल्या. मधल्या टप्प्यावर काही मुले रस्त्यावर खडूने आखून ठिकऱ्या खेळत होती. आजींनी काठीने एका पोरीला तिचा पाय रेघेवर पडल्याचे दाखवून दिले. शेठच्या शंकेचे उत्तर म्हणून मी ही हकीकत सांगत नाही; आजींना त्रास झाला तो झालाच, आणि त्या दिवशी बसायला जागा पुरेशा नव्हत्या ही चूकही खरीच होती. चालण्याचा रस्ता म्हणजे थांबण्याचाही रस्ता, ही गोष्ट आमच्या आखणीतून सुटली होती.

गर्दी वाढत गेली तसा एक आवाज मला पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागला, आणि तो कशाचा आहे हे बराच वेळ कळेना. कापड फाडल्याचा तो आवाज होता. दुकानदार कापड मोजतो, कात्रीने कडेला एक छेद देतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन ओढतो; हा आवाज मी दुकानाच्या आत असंख्य वेळा ऐकला होता, पण रस्त्यावर उभे राहून तो ऐकू येतो हे मला ठाऊक नव्हते. त्या पाठोपाठ पितळी भांड्यावर नाव घालणाऱ्याची टकटक ऐकू आली, आणि पहिल्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्याही मोजता आल्या.

साडेबाराला आजोबांची रिक्षा आली. तोवर रस्ता माणसांनी इतका भरला होता की बोळाचा वासा उघडला तरी पुढे जायला जागा नव्हती. मंडळाच्या पोरांनी विसर्जनाला ढोलपथकाभोवती धरतात तसा दोर काढला, रिक्षेच्या दोन्ही बाजूंनी तो ताणून धरला आणि पायी चालण्याच्या वेगाने रिक्षा पुढे नेली. माणसे आपोआप बाजूला झाली. आजोबांच्या दंडाला पट्टी होती, चेहरा उतरलेला होता. त्यांनी डोके बाहेर काढून दोराकडे पाहिले, गर्दीकडे पाहिले आणि सुनेला विचारले, “आज विसर्जन आहे का गं?”

दुपारी सायकलवाल्यांवरून एक पेच उभा राहिला. डोक्यावर हेल्मेट आणि अंगात तंग बनियनसारखे सदरे घातलेला आठ-दहा जणांचा एक गट अलका चौकाकडून आला आणि आत शिरू लागला. वाहनांना बंदी आहे, सायकल हे मोटार वाहन नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि कायद्याच्या भाषेत ते चूक नव्हते. परंतु खडूच्या रेघांवर लंगडणाऱ्या मुलांमधून ते ज्या वेगाने जाऊ पाहत होते तो वेग त्या रस्त्याला सोसणारा नव्हता. बराच काथ्याकूट झाल्यावर, सायकल आत न्यावी पण हातात धरून न्यावी, असे ठरले. हा तोडगा मला आजही अर्धवट वाटतो. चालणारा आणि सायकलवाला हे मोटारीच्या विरुद्ध एका बाजूला असतात असे सगळे धरून चालतात, आणि मोटार हटली की दोघांच्या मधली दरी दिसू लागते.

या वादाच्या वेळी शेजारी एक गृहस्थ आपली काळी, उंच, जुनी सायकल धरून उभे होते. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्ताभर पसरायचा, दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की पोलीस पकडायचे, आणि सायकलचा कर भरल्याचा पितळी बिल्ला नसला तर तिथेच जप्ती व्हायची, हे त्यांनी त्या हेल्मेटवाल्या मुलांना ऐकवले. मुलांनी बिल्ला म्हणजे काय ते विचारले. त्या गृहस्थांनी आपल्या सायकलच्या पुढच्या दांडीवरच्या एका रिकाम्या भोकात बोट घालून दाखवले. “इथं असायचा.”

शेजारचे काका आमच्या गटाला वारंवार बोगोटाचे उदाहरण देत. कोलंबियाच्या या राजधानीत 1974 च्या डिसेंबरात सायकलवाल्यांनी पहिल्यांदा रस्ते ताब्यात घेतले, आणि आता तिथे दर रविवारी व सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते सायकली आणि पायी चालणाऱ्यांना मोकळे असतात. मला त्यातले किलोमीटर फारसे भावले नाहीत, मोठे आकडे आपल्याकडेही जाहीर होतात. मला पटली ती त्यांची आडव्या रस्त्यांची व्यवस्था. तिथे आडवी वाहतूक पूर्ण थांबवत नाहीत. चौकाचौकात गणवेशातले रक्षक हातात थांबण्याची पाटी घेऊन उभे असतात, काही वेळ सायकली सोडतात, काही वेळ मोटारी सोडतात. म्हणजे त्यांचाही सारा डोलारा बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसावर आहे. आपल्याकडे गुरुग्राममध्ये 2013 च्या नोव्हेंबरात राहगिरी हा रस्ते मोटारींना बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि आमच्या पादचारी दिनानंतर काही महिन्यांनी, 27 मार्च 2022 ला, मुंबई पोलिसांनी मरीन ड्राइव्हसह सहा ठिकाणी रविवारी सकाळी रस्ते मोकळे ठेवायला सुरुवात केली. रविवारची पहाट निवडणे शहाणपणाचे आहे यात वाद नाही. तरीही भर शनिवारी, लग्नसराईत, बाजारपेठेचा रस्ता बंद ठेवण्यात जो खटाटोप आहे त्याची चव समुद्रकिनाऱ्यावरच्या रिकाम्या रस्त्याला येणार नाही, असे मी पेठेचा अभिमान बाजूला ठेवूनही म्हणेन.

संध्याकाळी पुन्हा मोजणी झाली. आदल्या शनिवारचा कागद शेजारी ठेवूनच मी रेघा ओढत होते. मुलांचा रकाना भरून कागदाच्या समासात गेला, आणि म्हाताऱ्या माणसांच्या रकान्यात काठीवाले वेगळे दाखवायला मी एक टिंब वापरू लागले. कागद काकांकडे दिले. त्यांची बेरीज करण्याचे काम दुसऱ्यांकडे होते.

रस्ता उघडायची वेळ झाली तेव्हा लोक जायला तयार नव्हते. दिवसभर कठड्याजवळ उभे असलेले हवालदार शिट्टी वाजवून थकले. मुलांनी वासा सोडला, पिंपातले पाणी रस्त्यावर ओतले आणि त्या ओल्या जागेवरून पहिली दुचाकी आली. चालवणाऱ्याने समोरच्या माणसांना पाहून हॉर्न दिला. दिवसभर तो आवाज नसल्यामुळे की काय, रस्त्यावरची सगळी माणसे एकदम वळून त्याच्याकडे पाहू लागली. त्याने ओशाळून गाडी थांबवली आणि पायाने रेटत पुढे नेली. पुढच्या पाच मिनिटांत त्याच्यामागे शंभर आल्या आणि मग कोणी वळून पाहिले नाही.

दोन दिवसांनी मी शेठकडे गेले. त्यांनी गल्ल्याचे खरे ते सांगितले. सकाळी भवानी उशिरा झाली, बस्त्याची दोन कुटुंबे फोन करून दुसऱ्या दिवशी आली, दुपारनंतर फुटकळ विक्री मात्र नेहमीपेक्षा चांगली झाली. समोरच्या बांगड्या-पिशव्यांच्या पथारीवाल्याकडे संध्याकाळी माल शिल्लक नव्हता. “म्हणजे तुमच्या दिवसाचा फायदा त्याला झाला, मला नाही,” असे म्हणून शेठनी चहा मागवला. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एक दिवस रस्ता बंद ठेवल्याने साडीच्या दुकानाचे गणित बदलेल असे मला कधीच वाटले नव्हते, आणि खरे तर त्याने वाहतुकीचेही काही बदलत नाही. बदलते ते एवढेच की बोळाच्या तोंडाशी उभे राहिलेल्या माणसाला त्या बोळात कोण राहते, कोणाचा माल कधी येतो आणि कोणाला कोणत्या वारी दवाखान्यात जायचे असते हे कळते, आणि ज्याला हे कळले आहे त्यालाच पुढे कधी तो रस्ता कायमचा चालणाऱ्यांना देण्याची भाषा करण्याचा अधिकार आहे.

पुढच्या वर्षांतही 11 डिसेंबर आला की मी त्याच बोळापाशी उभी राहिले. मंडळाची पोरे आता बोलवावी लागत नाहीत. दोन जणांची लग्ने झाली, त्यांची जागा धाकट्यांनी घेतली. आजोबा नाहीत. 2024 साली सप्टेंबरच्या 29 तारखेला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सुरू झाला, त्यामुळे त्या वर्षी कात्रजकडून येणारी माझी बहीण स्वारगेटला मेट्रोत बसली, मंडई स्थानकात उतरली आणि तिथून चालत आली. ती माझ्याजवळ पोहोचली तेव्हा मी वहीत त्या वर्षीच्या ओळी पुन्हा तपासत होते. तेवढ्यात मागच्या अंगाने छोटा हत्ती आला, वाशापासून हातभर अंतरावर थांबला आणि इंजिन बंद झाले. चालक उतरला. केस पांढरे झाले होते, पण मी ओळखले.

“दरवर्षी तुमचं हे आहेच,” तो म्हणाला.

मी पोराला भांडीवाल्याकडे पिटाळणार, तेवढ्यात त्याने मागची फळी खाली पाडली. ताग्यांच्या वर, दोरीने आवळून, त्याने स्वतःची हातगाडी आणली होती.